बारा भोकांतलं सातवं

घैसास साहेब कोणाच्याही घरी गेले की पाणी यायच्या आत तिथली एखादी वस्तू उचलून उलटी करत. टेलिफोन, रेडिओ, वजनकाटा, देवापुढची दिव्यांची माळ लुकलुकवणारी डबी, हाताला लागेल ते. चष्मा कपाळावर चढवायचा, वस्तूचं पोट डोळ्यांपाशी न्यायचं आणि यजमानांना विचारायचं, "भोक कुठाय?" भोक सापडलं की शर्टाच्या खिशातून कागदाची क्लिप सरळ करून केलेली पिन बाहेर यायची, आत जायची आणि वस्तू 'टिक्' करायची. त्यानंतर घड्याळाची वेळ आणि रेडिओची स्टेशनं नव्यानं लावणं ही यजमानांची जबाबदारी. भोक नसलं तर ते वस्तू हळूच जागेवर ठेवत आणि अंत्यदर्शन घेऊन आल्यासारखा चेहरा करून चहा पीत.

एका गणपतीत ते आमच्याकडे वाघोलीला आले. आरती व्हायच्या आत त्यांनी आमचा नवा मिक्सर पालथा घातला. सासूबाई दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, "काय हुडकतोय गं ह्यो म्हातारा? झुरळ हाय का त्यात?"

"नाही, भोक बघतायत."

"अगं बया, कवा पडलं?" सासूबाईंनी पुढे महिनाभर त्या मिक्सरला हात लावला नाही. चटणी पाट्यावर वाटली, म्हणजे मला वाटायला लावली. घैसासांवर माझा राग आहे तो असा चटणीपासून आहे.

आमची कंपनी म्हणजे नगर रस्त्याला एक पत्र्याची शेड आणि आत बारा माणसं. दूध गार ठेवायच्या टाक्या, पिल्लं उबवायची यंत्रं, असल्या गोष्टींचं तापमान सांभाळणारे डबे आम्ही बनवायचो. डब्याच्या आतलं सर्किट आणि प्रोग्रॅम घैसासांचा. डब्याचा नकाशा माझा. मी डिप्लोमावाली. डबा देखणा असावा, कडा गोल असाव्यात, कुठं फट नसावी, पाणी आत जाऊ नये, हा माझा धर्म. घैसास त्या डब्याला भोक पाडायला निघालेले. चौदा वर्षं आमचं हेच भांडण चाललं. भांडताना ते मला "अहो बाई" म्हणत. न भांडतानाही "अहो बाई"च म्हणत.

मालकांना त्या शब्दाचीच लाज वाटायची. एकदा म्हणाले, "घैसास, पार्टी समोर असताना निदान 'छिद्र' म्हणा हो."

"छिद्र आपोआप पडतं," घैसास म्हणाले. "भोक आपण विचार करून पाडतो."

त्यांचं म्हणणं साधं होतं. ते नव्या माणसाला नेहमी एकाच शब्दांत सांगत. "आत एक चिप असते. ती बिचारी दिवसरात्र एकच काम करत असते. कधी लाईटचा झटका बसतो, कधी आमच्यासारख्यांनी प्रोग्रॅममध्ये माती खाल्लेली असते. ती वाट चुकते आणि एका जागी अडकून बसते. तिला स्वतःहून काही सुचत नाही. बाहेरून कोणीतरी हाक मारावी लागते. हाक ऐकली की ती ओ देते आणि पहिल्यापासून सुरू होते. ती हाक मारायची जागा म्हणजे भोक. ते ठेवलं नाहीत तर तुम्ही डबा नाही केलात, समाधी बांधलीत." त्यांच्या प्रत्येक यंत्राला हाक मारली की ते एकदा बारीक 'पीं' करायचं. घैसास समाधानानं मान हलवायचे. "ओ दिली."

या भोकाचं त्यांनी शास्त्र केलं होतं. ते इतकं बारीक हवं की पोराचं बोट जाऊ नये, पण पिन जावी. भोंग्याच्या भोकाशेजारी नको, लोक भोंग्यात पिन घालतात आणि तो फाडतात. प्रोग्रॅम बदलायची पाच टोकांची खाच त्याच्याजवळच असावी, वर रबरी बूच असावं आणि ते बूच दोरीनं बांधलेलं असावं, कारण माणूस बूच हरवतोच. नवा प्रोग्रॅम घालताना लाईट गेले तरी जुना शाबूत राहिला पाहिजे. "नव्या घराची किल्ली हातात आल्याशिवाय जुनं सोडायचं नाही, बाई." आणि सगळ्यात शेवटी, हे सगळं डबा जिथं बसवलाय तिथून न हलवता करता आलं पाहिजे. या शेवटच्या नियमाकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. गेलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

एक दिवस पेठेतल्या एका सेवाभावी संस्थेचे सेक्रेटरी आले. ही संस्था मृतदेह गार ठेवायच्या पेट्या लोकांच्या घरी पोचवायची. पुण्यात त्याची गरज फार. आईवडील इथं, मुलं सातासमुद्रापलीकडे. फोन जातो, मूल विमानात बसतं, आणि ते पोचेपर्यंत चेहरा बघण्याजोगा राहावा म्हणून ती काचेच्या झाकणाची पेटी. जुन्या पेट्या खराब झाल्या होत्या, त्यांना नव्या हव्या होत्या.

सेक्रेटरींच्या अटी ठाम होत्या. "वरून, बाजूनं कुठंही भोक नको. लोक हार घालतात, तीर्थ शिंपडतात, उदबत्तीची राख पडते. सगळं आत जातं. आणि लाईट गेले तरी तापमानाचा आकडा दिसत राहिला पाहिजे. आकडा गेला की नातेवाईक घाबरतात."

"म्हणजे आत बॅटरी आली," घैसास म्हणाले. "म्हणजे बाहेरची वायर काढली तरी चिप बंद होणार नाही. म्हणजे ती अडकली तर हाक मारायला भोकाशिवाय दुसरा मार्गच नाही."

"अहो, पण भोक दिसलं की लोक बोट घालतात."

दोघंही हट्टाला पेटले. मालक घड्याळ बघायला लागले. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणाले, पेटीच्या तळाला हवेसाठी भोकं ठेवायचीच आहेत. सहा-सहाच्या दोन ओळी, एकूण बारा. त्यांतलंच एक हाक मारायचं करू. दुसऱ्या ओळीतलं पहिलं, म्हणजे मोजून सातवं. दिसायला बाराही सारखी. कोणाला पत्ता लागणार नाही. सेक्रेटरी खूश, मालक खूश. मी तर इतकी खूश की त्याच दिवशी नकाशा पुरा केला.

घैसास तो नकाशा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बाई, तळाचं भोक वापरायचं तर पेटी उचलावी लागेल. तेव्हा पेटीत कोण असेल?"

"कोणी असलं तरी तक्रार करणार नाही," मी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. घैसास हसले नाहीत, पण त्यांनी सही केली. ते हसू मला अजून आठवतं आणि आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पहिली पेटी तयार झाली तेव्हा घैसास चपला काढून आत जाऊन आडवे झाले. "माणसाच्या मापाची वस्तू माणूस घालून पाहावी. लावा झाकण." आम्ही लावलं. काचेखाली त्यांचे ओठ हलताना दिसले. कामगार तोंडात रुमाल घालून हसत होते. झाकण उघडल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होतात?"

"तीनदा हाक मारली. आतून ऐकू येत नाही," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

बाकीच्या चाचण्या आम्ही पेटी लोखंडी घोडीवर ठेवून, रिकामी, खाली स्टूल घेऊन बसून केल्या. भोकात पिन घालायची, 'पीं' ऐकायचं, खूण करायची. इतकं सोयीचं भोक मी आयुष्यात केलं नव्हतं. पेटी माणसाच्या घरी फरशीवर ठेवतात आणि भरलेली असते, हे बारा माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. घैसासांच्या आलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला सेक्रेटरींचा फोन आला. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर एक पेटी आहे, तिचा आवाज बंद झालाय. बाकीच्या पेट्या बाहेर गेल्यात. मुलगी परदेशातून निघालीय, संध्याकाळी सहापर्यंत पोचेल. तोवर काहीही करा. घैसासांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. वाटेत त्यांनी एकही सिग्नल पाळला नाही.

निवृत्त शिक्षक होते, सोमण मास्तर. एकटे राहायचे. खोलीत शेजारच्या लिमये आजी, इमारतीतली चार माणसं, आणि मधोमध फरशीवर आमची पेटी. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात शांत झोपल्यासारखे. पेटीवर लाल आकडा दिसत होता, चार. म्हणजे चार अंश, सगळं ठीक. पण आतलं यंत्र बंद होतं. आकडा अडकून पडला होता आणि खोटं सांगत होता.

"सकाळी लाईट दोनदा गेले-आले," आजी म्हणाल्या. "मग म्हटलं, घरघर का येत नाही? काचेवर पाणी धरलं होतं तेही सुकलं. हे सगळे मला म्हणतात, आजी, आकडा बघा, चारच आहे. मी म्हटलं, आकड्याला काय कळतंय?"

"वायर काढून परत लावा की," एकजण म्हणाला.

"आत बॅटरी आहे," घैसास म्हणाले. "भोक खाली आहे."

"खाली म्हणजे?"

"तळाला. फरशीकडे तोंड करून."

"कोणाची ही अक्कल?"

"माझी," मी म्हणाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर रिकामाही नव्हता, आत मास्तर होते.

"आणि अडकणारा प्रोग्रॅम माझा," घैसासांनी लगेच सांगितलं. "तेव्हा जे बोलायचंय ते दोघांना निम्मं-निम्मं बोला, पण आधी पायाकडची बाजू उचला."

चौघांनी पायाकडची बाजू वीतभर उचलली आणि आजींनी घरातले दोन पाट खाली सरकवले. मास्तरांचं डोकं खाली आणि पाय वर झाले. आजींनी तोंड फिरवलं. "आयुष्यभर मुलांना ताठ बसा सांगितलं हो त्यांनी," एवढंच म्हणाल्या.

घैसास फरशीवर पालथे पडले. गाल फरशीला टेकलेला, एक हात पेटीखाली, बोटांत पिन. खाली अंधार, दिसत काही नव्हतं. मी वर उभी राहून नकाशा आठवत होते.

"पायाकडच्या डाव्या रबरी ठोकळ्यापासून एकशेवीस मिलिमीटर आत," मी सांगितलं.

"डावं तुमचं की माझं?"

"मास्तरांचं."

"लागली भोकं. सगळी सारखीच लागतायत."

"सारखीच केलीत."

"का?"

"दिसू नयेत म्हणून."

"दिसत नाहीयेत, बाई. अभिनंदन."

त्यांनी एक, दोन, तीन मोजायला सुरुवात केली. चौथ्याला पिन हातून निसटली आणि पेटीखाली अंधारात कुठंतरी पडली. मी केसांतली पिन काढून वाकवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. पुन्हा पहिल्यापासून मोजणं सुरू झालं. दुसरी ओळ, पहिलं. माझ्या एका हुशारीपायी कोणाच्या तरी लेकीला बापाचा चेहरा बघायला मिळणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

'पीं.'

"ओ दिली," घैसास फरशीला गाल लावूनच म्हणाले. मग घरघर सुरू झाली. आकडा चारवरून थेट सतरावर गेला आणि हळूहळू उतरू लागला. आजींनी पदरानं काच पुसली.

लॅपटॉप बरोबर होता. मी विचारलं, प्रोग्रॅमही आत्ताच बदलून टाकायचा का? "आत माणूस असताना नाही," ते म्हणाले आणि पेटीशेजारी मांडी घालून बसले. सहा वाजेपर्यंत उठले नाहीत. दुपारी लाईट आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा ते पुन्हा पालथे पडले, पुन्हा सातवं भोक, पुन्हा 'पीं'.

बसल्या बसल्या त्यांची नजर मात्र पेटीवर नव्हती. दारावर होती. दाराची चौकट फुटली होती, कडी उखडून एका स्क्रूवर लोंबत होती.

"दार कोणी फोडलं?" त्यांनी आजींना विचारलं.

"खालच्या दुकानातली पहार आणली. दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली, तेव्हा कळलं. आतून कडी होती ना. किल्ली होती माझ्याकडे, तिचा काय उपयोग?"

"केव्हा गेले?"

"डॉक्टर म्हणाले, काल पहाटे. पण पडले असणार आदल्या संध्याकाळीच. दिवा लावलेला नव्हता." मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथं पडले होते. पलीकडे माझी खोली. मी टीव्ही लावून बसले होते हो. हाक मारली असेल त्यांनी. मारली असेल की नाही?"

घैसास पुन्हा त्या लोंबत्या कडीकडे बघायला लागले.

सहाला मुलगी आली. अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे. पाट काढून पेटी आधीच सरळ केली होती. ती काचेवर वाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. मग वळून घैसासांना म्हणाली, "आपण बाबांचे मित्र का?"

"नाही. कंपनीतला," ते म्हणाले. आणि चपला घालून निघाले. जिन्यात मी त्यांना रुमाल दिला. गालावर फरशीची धूळ होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली चूक शोधून काढली आणि मला बोलावून दाखवली. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. चिपमध्ये एक पहारेकरी असतो. त्याला थोड्या थोड्या वेळानं 'मी आहे' असं कळवायचं. कळवणं थांबलं की तो स्वतःच हाक मारून चिपला उठवतो. घैसासांनी हे 'मी आहे' म्हणायचं काम आतल्या टिकटिकीला दिलं होतं. सगळा प्रोग्रॅम आडवा पडला तरी टिकटिक आपली चालूच, त्यामुळे पहारेकरी निवांत.

"म्हणजे शेजारी टीव्ही चालू होता, बाई," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं लोकांना शिकवतो आणि मीच हे केलं." त्यांनी चूक दुरुस्त केली. मी सातवं भोक बूच लावून पायाकडच्या बाजूला, उघड्यावर आणलं. सेक्रेटरींनी चकार शब्द काढला नाही. सगळ्या पेट्या परत आणून आम्ही दोघांनी बदलल्या.

पंधरा दिवसांनी घैसासांनी मला नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी बोलावलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दोन खोल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती, ती बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. एक खुर्ची, एक ताट, एक वाटी. दुसरी खुर्ची शेजारून मागून आणली होती, ती माझ्यासाठी.

"नकाशा हवाय," ते म्हणाले. "दाराचा."

दारावर पितळेची पाटी बसवायची, 'मो. ना. घैसास'. नावाभोवती नक्षी म्हणून वर सहा, खाली सहा, अशी बारा भोकं. त्यांतल्या एकातून पिन ढकलली की आतल्या कडीखालचा पट्टा सरकेल आणि कडी पडेल. बाकीची अकरा नुसती शोभेची.

"सातवं?" मी विचारलं.

"तुमचीच कल्पना. चोराला बारा भोकं, तुम्हाला एक." त्यांनी खिशातून नवी पिन काढून माझ्यासमोर ठेवली. तिच्या टोकाला लाल दोरा बांधला होता. "ही पर्समध्ये ठेवा. किल्ल्या शेजाऱ्यांकडे आहेत, पण आतून कडी लावली की किल्ली म्हणजे नुसतं लोखंड."

मला हसू येत होतं. ते आवरत म्हणाले, "साहेब, कडी लावायचीच बंद करा ना. सोपं आहे."

"आईची सवय. कडी लावल्याशिवाय झोप येत नाही." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "डबा बंद करू नये असं मी कधीच म्हटलं नाही, बाई. भोक ठेवावं एवढंच म्हणतो." मी हसले नाही. घरी येऊन नकाशा काढला, मापांसकट, खाली सही करून. त्यांनी तो तपासला आणि एक माप अर्ध्या मिलिमीटरनं चुकलंय म्हणून परत पाठवला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तो असा.

ती पिन वर्षभर माझ्या पर्समध्ये पडून होती. दोनदा मी तिनं बसच्या पाससाठी फोटो टाचले.

मग एका सोमवारी घैसास आले नाहीत. चौदा-पंधरा वर्षांत त्यांनी कधी रजा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. फोन वाजत राहिला. शेजारच्यांना केला, ते म्हणाले, "आहेत ना घरात, पंखा चालू दिसतोय खिडकीतून." पंखा चालू आहे हे ऐकल्यावर मी मालकांना न सांगताच रिक्षात बसले. शेडपासून नारायण पेठेपर्यंत ती पिन मुठीत धरून होते. त्या दिवशी मी देवाला काय काय कबूल केलं ते अजून फेडतेय.

दार बंद. घंटा वाजवली, हाक मारली. आतून काही नाही. पाटीवर बारा भोकं. घाईत पिन पहिल्यांदा पाटीवरच घासली. मग दुसऱ्या ओळीतलं पहिलं. आत काहीतरी सरकलं आणि कडी पडल्याचा आवाज आला.

घैसास मोरीच्या दाराशी आडवे होते. एक पाय भलत्याच दिशेला. डोळे उघडे, ओठ वाळलेले. अंगाखाली ओलं झालं होतं. मी खाली बसले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पाण्याचा पेला तोंडाला लावला. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "कितव्या खेपेला बसली?"

"दुसऱ्या."

"भोकाच्या तोंडाला थोडी उतरण द्यायला हवी होती. नकाशात दाखवा."

मला रडू आलं. अँब्युलन्सला फोन केला, शेजाऱ्यांना हाक मारली, शेजारी जिना उतरून रस्त्यावर वाट बघायला धावले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. काल संध्याकाळी पडलो, म्हणाले. कंबरेचं हाड मोडलं असावं. रात्रभर असेच.

"मग हाक का नाही मारलीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "भिंतीपलीकडे माणसं आहेत ना!"

"मारली. तासभर. त्यांच्याकडे मॅच चालू होती." ते दम घ्यायला थांबले. "मग म्हटलं, पिन तुमच्याकडे आहे, तर तुम्हालाच मारावी. ऐकू जाणार नाही हे माहीत होतं. पण जागं राहायला बरं असतं. बाई, बाई, असं म्हणत होतो. मग वाटलं, ही काय हाक झाली? बाई कोणीही असेल. नकाशावर तुमची सही नुसती 'आर. गायकवाड'. चौदा वर्षं सही बघतोय, कधी विचारलं नाही." त्यांनी डोळे मिटले. "पहाटेपर्यंत सगळी करून पाहिली. रमा. रोहिणी. राधा. रुक्मिणी. रेवती. एकही लागलं नाही. तुमचं नाव काय हो?"

खाली रस्त्यावर अँब्युलन्सचा आवाज यायला लागला होता.

"रंजना," मी सांगितलं.

मान किंचित उचलून, मी त्यांच्या उशाशी नसून कुठंतरी भिंतीपलीकडे असल्यासारखी, जमेल तेवढा आवाज काढून त्यांनी हाक मारली.

"रंजनाबाई."

"ओ," मी म्हणाले.